'तया जाऊन उठवावे' : साने गुरुजींची प्रार्थना, शाळेच्या आठवणी आणि थोडी भांडणं

मधुमालती

आमचे चिरंजीव तिसरीत आहेत. शाळेत समूहगीत स्पर्धा आहे आणि त्यांच्या वर्गाला 'खरा तो एकची धर्म' दिलंय. मला अगदी भरून आलं, कारण मी हेच गाणं पहिली ते सातवी रोज म्हटलंय. पाठ आहे का विचाराल तर झोपेतून उठवा, म्हणून दाखवते.

आणि तिथेच गाडी अडली. परवा पोळी खाता खाता त्याने विचारलं, "आई, सकाळी झोपलेल्यांना जाऊन का उठवायचं?"

मला कळेना. मग तो म्हणाला, "गाण्यात आहे ना, तया जाऊन उठवावे."

मी हसले. त्याला सांगितलं की पडलेल्याला हात देऊन उभं करायचं, असा अर्थ आहे. मग पुढचा प्रश्न, "अतिपतित म्हणजे?" म्हटलं, खूप खाली पडलेले. "कुठून पडले?" यावर मी भाजीत मीठ बघायला आत गेले.

सात वर्षं रोज म्हटलेलं गाणं आणि एका शब्दाचा अर्थ धड सांगता येईना. म्हणून हा धागा. तुमच्या शाळेत हे होतं का? काय समजलं होतं? गुरुजींबद्दल 'श्यामची आई'पलीकडचं कुणी लिहिलंत तर अजून आवडेल. आणि एक बारीकसा प्रश्न: बाईंनी फळ्यावर 'एकचि' लिहिलंय, मी लहानपणी 'एकची' म्हणायचे. बरोबर काय?

कोकमसरबत

'जगी जे दीन पददलित' हे मी चौथीपर्यंत 'जगी जे दीन पदर दळीत' असं म्हणत होते. माझ्या डोळ्यांसमोर स्वच्छ चित्र होतं. एक गरीब बाई पदर खोचून जात्यावर दळतेय आणि आपण तिला म्हणायचं, ऊठ आता, मी दळते. माझी आजी दळायची ना, म्हणून. मला अजूनही अर्थ चुकला असं वाटत नाही.

बटाटेवडा_विदाऊट_चटणी

कोकमसरबत, फुटलो!

आमचा एक मित्र 'जयांना ना कोणी जगती'ला 'जयाला नाकोणी' म्हणायचा. जया नावाची मुलगी होती वर्गात. ती रोज रडायची.

राजेहो_नागपूर

आमच्या इकडे विदर्भात शाळेत राष्ट्रसंतांचीच प्रार्थना असे, 'या भारतात बंधुभाव नित्य वसू दे, दे वरचि असा दे'. मला तर बरेच दिवस वाटायचं की 'खरा तो एकची धर्म' पण तुकडोजी महाराजांचीच. खंजिरीवर म्हणून पाहा, छान बसते.

मधुमालती

नाही हो राजेहो, ही साने गुरुजींचीच. पण खंजिरीवर ऐकायला आवडेल!

वृत्तवेडा

एकचि की एकची याचा निकाल कोशात नाही, कानात आहे. जरा मोजून बघा:

ख-रा-तो-ए । क-ची-ध-र्म । ज-गा-ला-प्रे । म-अ-र्पा-वे

चार चार अक्षरांचे चार तुकडे, आणि प्रत्येक तुकडा लगागागा, म्हणजे एक लघू आणि तीन गुरू. हे वियद्गंगा वृत्त. दुसऱ्या तुकड्यात 'ची' गुरूच हवा, 'चि' ऱ्हस्व केलात तर ओळ लंगडते. 'धर्म'मधला 'र्म' वास्तविक लघू, पण तिथे यती, म्हणजे ओळीतली थांबायची जागा, असल्यामुळे थांबून लांबवता येतो, आणि आपण सगळे तो लांबवतोच. तेव्हा व्याकरणाने 'एकचि' लिहा हवं तर, म्हणताना 'एकची'.

अंतऱ्यात गुरुजी सैल सोडतात. 'जगी जे हीन अतिपतित' यात 'अति' आणि 'पति' या दोन दोन लघूंच्या जोड्या एकेका गुरूच्या जागी बसवल्यात. म्हणजे अक्षरगण सोडून मात्रांवर आलेत. पण ठेका कुठेही सुटत नाही, म्हणून पहिलीतल्या पोरालाही एका दिवसात पाठ होतं.

अवांतर: गालिबचं 'हज़ारों ख़्वाहिशें ऐसी कि हर ख़्वाहिश पे दम निकले' याच मापाचं आहे. शाळेच्या चालीवर म्हणून बघा. एकदा म्हटलंत की आयुष्यभर डोक्यातून जाणार नाही. आधीच माफी मागतो.

बटाटेवडा_विदाऊट_चटणी

म्हटलं. आता ऑफिसात बसून 'बहोत निकले मेरे अरमान' हात जोडून म्हणतोय. तुमचं भलं होवो वृत्तवेडा.

केव्हीवाली

माझे वडील केंद्र सरकारी नोकरीत, दर तीन वर्षांनी बदली. देहू रोडपासून जबलपूरपर्यंत सगळ्या केंद्रीय विद्यालयांत एकच प्रार्थना, 'दया कर दान विद्या का हमें परमात्मा देना'. वृत्तवेडा, हेही तेच माप ना? त्यातही पुढे 'हमारा धर्म हो सेवा' आहे. मला आईने घरी साने गुरुजींची शिकवली होती आणि मी दोन्हींची सरमिसळ करून टाकायचे. शाळेत 'परमात्मा देना'च्या जागी 'प्रेम अर्पावे' आलं की शेजारची बंगाली मुलगी कोपर मारायची.

वृत्तवेडा

हो, तेच. लगागागा चार वेळा. प्रार्थनेला हे माप फार सोयीचं, चार पावलं चालायची आणि श्वास घ्यायचा.

जोंधळे_मास्तर

मी जिल्हा परिषद शाळेत सव्वीस वर्षं नोकरी करून नुकताच निवृत्त झालो. परिपाठ रोज घेतला. राष्ट्रगीत, प्रतिज्ञा, संविधानाची उद्देशिका, प्रार्थना, सुविचार, दिनविशेष, बोधकथा, आणि २०२३ पासून राज्यगीत. उन्हात पोरं उभी, मागच्या रांगेत कुणी चिमटे काढतंय. अर्थ सांगायला वेळ नसतो, खरं सांगायचं तर सुचतही नाही.

पण केव्हीवालींनी आणि राजेहोंनी ज्या दोन प्रार्थना दिल्या त्या वाचताना एक गोष्ट चमकली. एकीत 'दे वरचि असा दे', दुसरीत 'देना, देना'. दोन्ही सुंदरच आहेत, पण मागणं देवाकडे. साने गुरुजींचं पद पहिल्यापासून शेवटपर्यंत वाचा. एका ओळीतही देवाकडे काही मागितलेलं नाही. अर्पावे, उठवावे, सुखवावे, हसवावे, मानावे. सगळा विध्यर्थ, आणि तो म्हणणाऱ्यालाच. देव येतो तो 'प्रभूची लेकरे सारी' असं नातं सांगायला, आणि शेवटी 'जयाला देव तो प्यारा, तयाने प्रेममय व्हावे' अशी अट घालायला. प्रार्थना म्हणून आपण हात जोडतो, पण हे पद हात जोडायचं नाही, हात कामाला लावायचं आहे.

दुसरं, 'जाऊन'. तया जाऊन उठवावे. तयां जाऊन सुखवावे. तया जाऊन हसवावे. तीन तीन वेळा. वृत्तात बसवायला भरीचा शब्द घातला असेल असं मी आधी म्हणायचो. आता नाही म्हणत. दाराशी आला तर मदत करू, असं नाही. तुम्ही उठून जा.

अमळनेरकर

मास्तर, 'जाऊन' बद्दल अगदी बरोबर. आमच्या गावात गुरुजींची जी आठवण सांगतात ती नेमकी हीच.

१९२४ ला ते प्रताप हायस्कूलमध्ये शिक्षक म्हणून लागले. त्याआधी इथल्याच तत्त्वज्ञान मंदिरात होते. शाळेच्या छात्रालयाची जबाबदारी त्यांच्याकडे आली. आता वसतिगृहाचा अधीक्षक म्हणजे काय, तर हजेरी, शिक्षा, आणि घरी पत्र. गुरुजी मुलांच्या खोल्या झाडायचे. पोरं शाळेतून येऊन बघतात तर अंथरुणाच्या घड्या घातलेल्या, कपडे धुतलेले. कुणी आजारी पडला तर रात्रभर उशाशी बसायचे. बोलले काहीच नाहीत म्हणे, पण दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी पोरं स्वतःच झाडू घ्यायला लागली. लाजेने म्हणा की प्रेमाने.

आणि 'छात्रालय दैनिक'. हाताने लिहिलेलं, रोजचं. शाळेची नोकरी, छात्रालय, आणि वर रोज एक दैनिक एकट्याने लिहून काढायचं. आज व्हॉट्सॲप ग्रुपवर रोज एक सुविचार टाकताना ॲडमिन थकतो. १९२८ ला 'विद्यार्थी' मासिक काढलं. १९३० ला मिठाच्या सत्याग्रहात नोकरी सोडून बाहेर पडले, म्हणजे शिक्षक म्हणून उणीपुरी सहा वर्षं. पण आजही नाव घेतलं की गुरुजीच.

कोकमसरबत

मी दापोलीची. पालगड आमच्यापासून जवळ, गुरुजींचं घर आता स्मारक म्हणून जपलंय. घर लहान आहे. ओटीवर उभं राहिलं की 'श्यामची आई'मधली जागा आपोआप ओळखू येते. जन्म २४ डिसेंबर १८९९. मूळ नाव पांडुरंग सदाशिव साने. वडील एके काळचे खोत, पण गुरुजींच्या वाट्याला आलं ते कर्जच.

पाटी_पेन्सिल

सगळं छान चाललंय, थोडं मिठाचा खडा टाकतो.

मी वस्तीतला मुलगा. पाचवीत असताना आमच्या बाईंनी अर्थ सांगितला होता. हीन, अतिपतित, दीन, पददलित म्हणजे कोण हे सांगताना बाईंची नजर वर्गावरून फिरली आणि आम्ही तिघे बसायचो त्या बाकावर येऊन थांबली. त्यांच्या मनात वाईट नव्हतं. पण त्या दिवसापासून ती ओळ आली की मी ओठ मिटायचो. माझं कोडं साधं होतं. मी यात कुठे आहे? जाणारा की पडलेला? मला कुणी येऊन उठवायचं असेल तर मी हे कुणासाठी म्हणतोय?

अमळनेरकर, झाडू मारणाऱ्या गुरुजींबद्दल आदर आहेच. पण आमच्या घरातल्या बायकांनी पिढ्यानपिढ्या झाडू मारला, त्याची आठवण कुणी लिहून ठेवली नाही. सेवा कुणी केली की थोर होते आणि कुणी केली की नुसतं काम राहतं, हेही या धाग्यात यायला हवं.

आणि 'श्यामची आई'मधलं 'देवाला सारी प्रिय' हे प्रकरण आठवा. म्हाताऱ्या महार बाईची मोळी पडते. आई श्यामला सांगते, जा, उचलून दे. आणि पुढे, परत आल्यावर आंघोळ कर. त्या काळात ते मोठंच धाडस होतं हे मला कळतं. पण ती आंघोळ मला लहानपणी खुपली आणि अजून खुपते.

मधुमालती

पाटी_पेन्सिल, हे वाचून थोडा वेळ काही लिहावंसंच वाटेना. मुलाने "कुठून पडले?" विचारलं तेव्हा मी आत का पळाले ते आता कळतंय. पडले नाहीत, पाडले, हे आठ वर्षांच्या मुलाला कसं सांगायचं हे सुचलं नव्हतं.

जोंधळे_मास्तर

दादा, तुमच्या त्या बाकावरच्या नजरेबद्दल मास्तर म्हणून मला लाज वाटली. मीही असं केलेलं असू शकेल.

शब्दापुरतं बोलतो. 'पददलित' म्हणजे पायाखाली तुडवलेला. म्हणजे तुडवणारा पाय कुणाचा तरी आहे, आणि तो शब्दातच आहे. पण 'हीन', 'अतिपतित' हे शब्द आज मुलांच्या तोंडी देताना खटकतात, हे मान्य. त्याच पदात पुढे 'कुणा ना व्यर्थ हिणवावे' आहे, 'कुणा ना तुच्छ लेखावे' आहे. ती कडवी बहुतेक शाळांत गायलीच जात नाहीत, दोन कडव्यांवर आटोपतं. म्हणजे 'हीन' शब्द रोज कानावर आणि 'हिणवू नका' मात्र कधीच नाही. हा दोष आमच्यासारख्यांचा, कवीचा नाही.

पाटी_पेन्सिल

ते पुढचं कडवं मला आज, वयाच्या चव्वेचाळिसाव्या वर्षी कळतंय. बघा म्हणजे.

पंढरीची_वारी

आंघोळीचा मुद्दा बिनतोड आहे. पण तो श्याम पुढे कुठे गेला तेही सांगितलं पाहिजे. १ मे १९४७ ला गुरुजी पंढरपुरात आमरण उपोषणाला बसले. मागणी एकच, विठ्ठलाचं मंदिर अस्पृश्य मानलेल्यांना उघडा. त्याआधी काही महिने महाराष्ट्रभर दौरा केला, गावोगावी सभा. पंढरपुरात त्यांना उपोषणाला जागा मिळाली ती तनपुरे महाराजांच्या मठात. बडवे तयार नव्हते. सनातन्यांचा विरोध होताच, गांधीजींनीही चुकीच्या माहितीवरून उपोषण सोडा असं कळवलं होतं. ज्यांना गुरुस्थानी मानलं त्यांचंही त्या वेळी ऐकलं नाही. स्वभावाने इतका मऊ माणूस, चारचौघांत डोळ्यांत पाणी येणारा, तिथे हलला नाही. दहा दिवसांनी दार उघडायचं ठरलं तेव्हा उपोषण सुटलं. स्वातंत्र्याला तीन महिने होते.

माझे आजोबा माळकरी. ते तेव्हा गुरुजींच्या विरोधात होते. देव बाटेल म्हणायचे. मरेपर्यंत त्यांनी मत बदललं नाही, पण नंतरही वारीला जात राहिले आणि सगळ्यांबरोबर रांगेत उभे राहिले. आम्ही यावरून चिडवलं की म्हणायचे, "इठ्ठलाला चाललं, मग मी कोण?"

राजेहो_नागपूर

वा! आजोबांचं वाक्य आवडलं.

पाटी_पेन्सिल

पंढरपूरचं माहीत आहे, त्याबद्दल वाद नाही. मंदिरात जायचं की मंदिर सोडायचं, यावर आमच्या घरात वेगळं उत्तर होतं, तो वेगळा धागा होईल. पण हे पद लिहिणारा स्वतः उठून गेला, एवढं मात्र खरं.

वृत्तवेडा

सेवेवरून आठवलं. विनोबांची 'गीता प्रवचने' १९३२ ची, धुळे तुरुंगातली. २१ फेब्रुवारी ते १९ जून, दर रविवारी एक अध्याय, अठरा रविवार. विनोबा बोलायचे आणि गुरुजी उतरवून घ्यायचे. विनोबांनी ती लिहिलेली नाहीत, बोललेली आहेत. त्या बराकीत भरभर लिहिणारा हा माणूस नसता तर आज ते पुस्तक नसतं. स्वतः कवी, लेखक, आणि अठरा आठवडे दुसऱ्याचा लेखनिक. मला खोल्या झाडण्यापेक्षा हे अवघड वाटतं. लेखकाला विचारा!

पुढच्याच वर्षी नाशिकच्या तुरुंगात ९ ते १३ फेब्रुवारी १९३३ या पाच दिवसांत 'श्यामची आई' लिहून झालं.

केव्हीवाली

त्याआधी त्रिचनापल्लीच्या तुरुंगात होते ना? तिथे दक्षिणेतले राजबंदी भेटले. आपण एका देशाचे, पण एकमेकांची भाषा येत नाही, ही खंत तिथली. पुढे त्यातून 'आंतरभारती'ची कल्पना आली. तमिळ शिकून त्यांनी 'कुरळ' या जुन्या तमिळ ग्रंथाचा मराठी अनुवाद केला. बदलीच्या गावात वाढलेल्या माझ्यासारखीला हे फार जवळचं वाटतं. कोपर मारणारी ती बंगाली मुलगी अजून मैत्रीण आहे.

सॅन_होजेचा_सदू

इथे रविवारच्या मराठी शाळेत आम्ही हेच गीत घेतो. मुलांना मराठी जेमतेम. 'वित्त' म्हणजे काय विचारलं तर एक म्हणाला "विथ". 'असे जे आपणापाशी असे जे वित्त वा विद्या, सदा ते देतची जावे' हे कडवं समजावताना मी म्हटलं, तुमच्याकडे जे आहे ते देत राहायचं. मागून एक मुलगी म्हणाली, "संपलं तर?" मी म्हटलं, विद्या संपत नाही. ती म्हणाली, "पण वित्त?" पुढच्या वर्षीपासून तिलाच शिकवायला देणार आहे.

अमळनेरकर

सदूभाऊ, त्या मुलीने नेमकं दुखतं तिथे बोट ठेवलं. गुरुजींकडे वित्त कधी टिकलं नाही. १५ ऑगस्ट १९४८ ला 'साधना' साप्ताहिक काढलं, ते आजही चालू आहे. पण माणूस देऊन देऊन आतून रिकामा होत गेला असं मला वाटतं. ११ जून १९५० ला त्यांनी स्वतःच आयुष्य संपवलं. पन्नाशीच फक्त. आमचे वडील सांगायचे की त्या दिवशी अमळनेरात कित्येक घरी चूल पेटली नाही. मुलांना हे गीत शिकवताना हा भाग कुणी सांगत नाही, आणि तिसरीतल्या पोराला सांगूही नये. पण आपण मोठ्यांनी माहीत असू द्यावं. दुसऱ्यांना जाऊन उठवणाऱ्याकडे कोण गेलं होतं, हा प्रश्न मला दर जूनमध्ये पडतो.

कोकमसरबत

(काही लिहायचं नाहीये. फक्त वाचलं हे कळावं म्हणून.)

बटाटेवडा_विदाऊट_चटणी

मी इथे टवाळी करायला आलो होतो. आता गालिबही नीट म्हणता येईना.

मधुमालती

सगळ्यांचे आभार. स्पर्धा झाली, त्याचा वृत्तांत.

वेळ तीन मिनिटं होती. बाई नेहमीची पहिली दोन कडवी घेणार होत्या. मी भीत भीत गेले आणि विचारलं की पहिल्यानंतर 'कुणा ना व्यर्थ शिणवावे, कुणा ना व्यर्थ हिणवावे' घेता येईल का. बाईंनी वहीत लिहून घेतलं, म्हणाल्या, हे कडवं मलाच नवीन आहे. फळ्यावरचा 'चि'ही दीर्घ झाला, वृत्तवेडांचं लगागागा मी त्यांना टेबलावर वाजवून दाखवलं. नंबर आला नाही. पेटीवाल्या सरांनी पट्टी इतकी वर धरली होती की 'हिणवावे'ला अर्धा वर्ग गप्प झाला.

'अतिपतित'चा अर्थ मी शेवटी सांगितला. पडले नाहीत, लोकांनी पाडलं, असं. त्यावर तो म्हणाला, "मग पाडणाऱ्यांना आधी ओरडायला पाहिजे." पाटी_पेन्सिल, हे तुमच्यासाठी.

'उठवावे'चं मात्र काही झालेलं नाही. आज रविवार, सकाळी सव्वासहाला माझ्या अंगावरचं पांघरूण ओढलं गेलं. शेजारी चिरंजीव उभे. म्हणे, "आलो जाऊन."

वृत्तवेडा

यती योग्य जागी घेतली आहे पोराने.